उत्तर: आईच्या पेटमध्ये स्वादुपिंड चमकलंय, केमो लगेच घ्यायची का?

ताई, आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, आता पेट स्कॅनमध्ये (शरीरात जिथे पेशी जास्त साखर खेचतात ती जागा चमकवणारा स्कॅन) स्वादुपिंड आणि छातीतल्या गाठी चमकल्या, सुईची तपासणी नाही आणि केमोची तारीख मात्र ठरली. वाचून पोटात गोळा आला.

आमच्या सासऱ्यांचं असंच झालं. किडनीचा कॅन्सर काढलेला, मग कावीळ, स्वादुपिंड सुजलेलं. किडनीचा कॅन्सर तिथे जातोही, म्हणून 'पसरलाय' म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी नावं ठेवत नाही. पण पेटमध्ये सूजही चमकते. त्यांची निघाली आयजीजी-४ वाली ऑटोइम्यून सूज, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटून येणारी; आयजीजी-४ हे रक्तातलं एक प्रतिपिंड. यात लसिकाग्रंथी, लाळग्रंथीही सुजतात.

रक्तातलं आयजीजी-४ करा, पण त्यावर विसंबू नका. १३५ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) या नेहमीच्या मर्यादेच्या थोडं वर स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्येही काहींचं जातं. सीए १९-९, म्हणजे कॅन्सरसाठी रक्तात बघतात ती खूण, नुसत्या काविळीनेही वाढतो. एंडोस्कोपीतून सुई घालून तुकडा काढणं, खरा निकाल तिथे.

आम्हाला रडवलं ते ब्लॉकनी, म्हणजे ऑपरेशनात काढलेल्या गाठीच्या मेणात जपलेल्या तुकड्यांनी. नव्या तुकड्याशी ताडून बघायला पुण्याच्या डॉक्टरांनी जुन्या ऑपरेशनचे ब्लॉक-स्लाइड मागितले. ऑपरेशन सोलापुरातच झालेलं, कुठे ते सांगत नाही. रेकॉर्डच्या खिडकीवर म्हणे, 'पेशंटला घेऊन या.' अहो, पेशंट पुण्यात ॲडमिट! मग साहेबांची सही हवी, साहेब रजेवर. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पुढच्या खेपेला बाईंनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं, 'बघा, नोंदच नाही.' तिकडे मामांचे, म्हणजे सासऱ्यांचे, डोळे हळदीसारखे पिवळे आणि इकडे हे! तेव्हा अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का आणि तारीख घ्याच. आईच्या सहीचं अधिकारपत्र, आधारची झेरॉक्स जोडा. स्कॅनची नुसती फिल्म नको, सीडी मागा. आणि ब्लॉक म्हणजे मेण. आपल्याकडच्या उन्हात गाडीत ठेवून जाऊ नका. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं.

मी डॉक्टर नाही, तुमच्या आईचा खरंच कॅन्सर असूही शकतो. पण 'स्टेरॉइड देऊन बघू' कुणी म्हणालं तर माझ्या मते आधी तुकडा, मग गोळ्या. स्टेरॉइडने लिम्फोमाही (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) काही दिवस आकसतो, मग चित्रच पुसलं जातं. आमच्याकडे तुकड्यानंतर गोळ्या सुरू झाल्या आणि दोन आठवड्यांनंतरच्या स्कॅनमध्ये सूज उतरलेली दिसली. शुगर मात्र चढली, भूक अशी की कडक भाकरी-शेंगाचटणी रात्री अकरालाही मागायचे. घरी ग्लुकोमीटर आणून ठेवा, आणि गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तशाच कमी करायच्या.