गोळीने मेंदूच्या पेशी मरतात का?

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. आठ वर्षांच्या मुलाला एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निदान झालं, डॉक्टरांनी त्यावर मेथिलफेनिडेट हे औषध लिहून दिलं. नाशिकहून सासूबाई फोनवर सांगतात, ‘कोवळा मेंदू आहे, पेशी मरतील.’ बाटली कपाटात तशीच पडून आहे.

ताई, सासूबाईंची काळजी अनाठायी नाही. हे औषध मेंदूवरच काम करतं. डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही पेशींमध्ये निरोप पोचवणारी रसायनं. पेशींनी सोडल्यावर ती लगेच परत शोषली जातात, ते हे औषध रोखतं. म्हणून लक्ष टिकतं. उंदरांच्या पिल्लांना ते दिल्यावर कपाळामागच्या भागातल्या पेशी मंदावल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. पण ती पिल्लं निरोगी होती, एडीएचडी असलेली नव्हे. नेदरलँड्समध्ये एडीएचडी असलेल्या 10 ते 12 वर्षांच्या मुलांना आणि तरुण पुरुषांना 16 आठवडे हेच औषध दिलं. 2016 साली निष्कर्ष आले: औषधाला मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा मिळणारा प्रतिसाद मुलांत बदलला, मोठ्यांत नाही. म्हणजे वाढता मेंदू वेगळं वागतो, हे खरं. पण हा बदल आहे, पेशी मरणं नव्हे. डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसने मुलांच्या पेशी मरतात असा पुरावा नाही.

मला खरी काळजी वाटते ती भुकेची, झोपेची आणि उंचीची. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात सलग तीन वर्षं औषध घेणाऱ्या मुलांची उंची अपेक्षेपेक्षा सुमारे 2 सेंटीमीटर कमी भरली. दुपारी भूक मरते, पोळी-भाजीचा डबा तसाच घरी येतो. म्हणून सकाळी गोळीआधी लोणी लावलेलं थालीपीठ नाहीतर अंडं-पोळी पोटभर खाऊ द्या. रात्री औषध उतरल्यावर त्याला पुन्हा भूक लागेल, तेव्हा वरण-भात तूप घालून वाढा, ‘आता कसली भूक’ म्हणू नका.

आधी मात्र डॉक्टरांना फोन करून औषध अजून सुरू केलेलं नाही हे स्पष्ट सांगा. घरात कुणाला हृदयविकार असेल तर तेही सांगा. उंची, वजन, रक्तदाब किती दिवसांनी मोजणार आणि औषधाची गरज उरली आहे का हे कधी तपासणार, हे विचारा. पुढच्या भेटीत सासूबाईंनाही व्हिडिओ कॉलवर घ्या, त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

सुट्टीत भारतात येताना औषध मूळ बाटलीतच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. दुबईमार्गे येणार असाल तर तिकडचे नियम तिकीट काढण्याआधीच तपासा.