आजची हवा, इथलं हवामान

प्रश्न : ‘आज क्लायमेट मस्त आहे’ असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. मुलगी म्हणते, हे चूक. मग बरोबर काय? (गुहागर)

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. एका दिवसाचं क्लायमेट नसतं. सकाळी मळभ आलं, दुपारी खारा वारा सुटला, रात्री उकाडा झाला, ही झाली हवा. जूनमध्ये लागणारा आणि ऑक्टोबरात ओसरणारा पाऊस, बेताची थंडी, बारमाही दमटपणा, हे गुहागरचं हवामान. क्लायमेट म्हणजे हे. शाळेच्या भूगोलात हवा आणि हवामान असा भेद शिकवतात, तो हाच.

हवामान ठरवायला जागतिक हवामान संघटनेने ३० वर्षांच्या नोंदींचा काळ धरला आहे. सध्या १९९१ ते २०२०. पण नुसती सरासरी म्हणजे हवामान नव्हे. पाऊस किती मागेपुढे होतो, एका दिवसात जास्तीत जास्त किती कोसळू शकतो, हेही त्यातच येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ती त्या दिवसाची हवा. तेवढ्याने मुंबईचं हवामान बदललं असं म्हणता येत नाही. असे दिवस वरचेवर येऊ लागले का, हा प्रश्न मात्र हवामानाचा.

मूळ ग्रीक शब्द ‘क्लिमा’, म्हणजे उतार, कल. सूर्यकिरण कुठे किती तिरपे पडतात त्यावरून पृथ्वीचे पट्टे पाडले, त्या पट्ट्यांना हे नाव मिळालं आणि पुढे तिथल्या हवेलाही. म्हणजे हा शब्द मुळात जागेचा आहे, दिवसाचा नाही. आपल्या ‘हवामाना’त हवा अरबीतून आलेली आणि मान, म्हणजे माप, संस्कृतातलं. तापमान, राहणीमान यांतलं मान तेच.

प्रश्न : आंब्याच्या विम्यावर ‘हवामान आधारित’ लिहिलेलं असतं, पेपरात ‘हवामान बदल’. दोन्हीकडे अर्थ एकच का? (देवगड)

उत्तर : नाही, आणि इथे घोटाळा झाला तर तो खिशाला लागतो. फळपीक विम्यातलं हवामान म्हणजे ठरलेल्या मुदतीतली हवा. अवेळी पाऊस, तापमानातली चढ-उतार, वेगाचा वारा यांची महसूल मंडळातल्या, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटातल्या, स्वयंचलित हवामान केंद्रावर झालेली नोंद मर्यादेपलीकडे गेली का, ते पाहतात. ‘अलीकडे हवामानच बिघडलंय’ हे तिथे चालत नाही. तारीख, केंद्र आणि आकडा, ही तीनच बोला. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात, म्हणून रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या तारखेवर दिसतो. तक्रारी करताना हे हमखास चुकतं.

हवामान खातं, हवामान अंदाज यांतही अर्थ हवेचाच. शंका आली तर शब्दाआधी ‘आजचं’ लावून पाहा, मग ‘इथलं’. ‘आजचं’ बसलं तर हवा, फक्त ‘इथलं’च बसलं तर क्लायमेट. जानेवारीत चार दिवस ढगाळ राहून मोहोरावर तुडतुडा वाढला, ही हवा. थंडीच दशकानुदशकं उशिरा पडू लागली, तर तो हवामान बदल.

प्रश्न : जलवायू परिवर्तन, वातावरणीय बदल, हवामान बदल यांतला योग्य शब्द कोणता? (अलिबाग)

उत्तर : तिन्हींचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. पहिला हिंदीतला, केंद्राच्या मंत्रालयाच्या नावात आहे. दुसरा राज्याच्या विभागाच्या नावात. आम्ही ‘हवामान बदल’च लिहू. वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचं वायूंचं आवरण, त्यामुळे दुसऱ्या शब्दाने वाचक चकतो. ‘वातावरण खराब आहे, होडी नको’ हे बंदरावरचं बोलणं वेगळं, ते खुशाल चालू द्या. आणि ‘हवापाणी’ सोडू नका. ‘दापोलीचं हवापाणी मानवलं’ यात हवा, पाणी आणि ते अंगाला सोसणं असं सगळं येतं. ते ‘हवामाना’त येत नाही.