पाय टेकले की भीती कमी होते

सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली आणि तोल यांवर होणारा परिणाम) असलेल्या मुलांचे पालक चालण्याबोलण्याविषयी मोकळेपणाने विचारतात; शी-शूचा प्रश्न मात्र बहुधा निघता निघता, आवाज खाली आणून विचारला जातो. सहा वर्षांच्या ओवीच्या (नाव बदलले आहे) आईनेही तो तसाच विचारला : ‘‘मॅडम, हिचं सगळं जन्मभर मलाच करावं लागणार का? आणि शाळेत कोण करणार?’’

ओवीच्या दोन्ही पायांचे स्नायू ताठर आहेत, हात बऱ्यापैकी चालतात, बोलणे स्पष्ट आहे आणि वॉकर धरून ती घरभर फिरते. तरीही ती डायपरमध्येच होती, कारण संडासात बसवले की ती रडायची, पाय एकमेकांवर आवळून घ्यायची आणि बाहेर आणल्यावर थोड्याच वेळात कपड्यांत करायची. घरात याला हट्ट म्हटले जात होते.

मी आईला घरच्या संडासाचा फोटो मागितला. ओवीसाठी मुद्दाम कमोड बसवून घेतला होता, पण तो मोठ्यांच्या मापाचा होता : त्यावर तिचे पाय अधांतरी लोंबत, सीटच्या भोकात ती आत घसरे आणि धरायला दोन्ही बाजूंना काहीच नव्हते. तोल जाईल असे वाटले की ताठर स्नायू आणखी ताठ होतात, आणि शी-शू होण्यासाठी तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सुटावे लागतात. पडण्याच्या धास्तीत बसलेल्या मुलाला ते जमणार कसे? म्हणून शिकवण्याच्या आधी बसण्याची सोय, हा माझा आग्रह असतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाच्या) सल्ल्याने लहान भोकाची सीट आणली, प्लंबरकडून भिंतीला धरायला पाइप लावून घेतला आणि पायांखाली न हलणारा लाकडी चौरंग ठेवला, इतक्या उंचीचा की तळवे पूर्ण टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर राहतील. रडणे पुढे आपोआप ओसरत गेले.

दुसरी अडचण बोलता बोलता कळली. कपडे ओले होऊ नयेत म्हणून आई तिला पाणी कमी देत असे. असे अनेक घरांत घडते आणि त्यामागे मायाच असते, पण त्याने मल घट्ट होतो, भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते आणि शू उलट जास्त वेळा निसटते. शिवाय लघवीच्या संसर्गाचा धोका वाढतो. ओवीला आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवून बद्धकोष्ठावर उपचार करून घेतले. स्पायना बिफिडासारख्या (पाठीचा कणा जन्मतःच नीट न जुळलेल्या) आजारात मात्र मूत्राशयाच्या नसांवरच परिणाम झालेला असू शकतो. अशा मुलांना केवळ सवय लावून भागत नाही, तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेगळा मार्ग आखावा लागतो.

मग आईने काही दिवस कपडे कधी ओले होतात याच्या वेळा वहीत लिहिल्या. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बसवायचे आणि दहा मिनिटांत काही झाले नाही तर न रागावता उठवायचे, असे ठरले. शिकवण्याची सुरुवात आम्ही शेवटच्या पायरीपासून केली. पाइप धरून उभ्या राहिलेल्या ओवीची चड्डी आई नितंबांपर्यंत वर आणायची आणि कमरेपर्यंतची शेवटची ओढ ओवीने द्यायची. ते जमले की मांड्यांपासून, नंतर गुडघ्यांपासून. असे केल्याने प्रत्येक वेळी काम पुरे करण्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो. आईने इलॅस्टिकच्या चड्ड्यांना दोन्ही बाजूंनी नाडीचे फास शिवले, त्यात अंगठा अडकवला की कापड चिमटीत पकडावे लागत नाही. हा सराव संध्याकाळी ठेवला, कारण सकाळच्या घाईत आईचे हात पुढे येणारच.

मी पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगते : वेळेवर सांगणे, कोणाची मदत घ्यायची हे ठरवणे आणि ‘आता दार लोटून घे’ म्हणणे हेही स्वावलंबनच आहे. ज्या मुलाला रोज कोणी ना कोणी हात लावतो, त्याला नको म्हणण्याचा हक्क आधी शिकवायला हवा. ओवीला आई, आजी आणि शाळेतल्या एक मावशी अशी तीनच माणसे ठरवून दिली आणि इतर कोणी आल्यास मोठ्याने बोलावण्याचा सराव करून घेतला.

शाळेत मुख्याध्यापकांना भेटताना आईने याचना करू नये, असे मी सांगितले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शासकीय आणि मान्यताप्राप्त शाळांनी इमारत व सुविधा दिव्यांग मुलांना वापरता येण्याजोग्या ठेवायच्या आहेत. आईने चौरंगाचे माप आणि पाइपची उंची कागदावर लिहून नेली, शिवाय दार बाहेर उघडणारे करण्याची विनंती केली, कारण मूल आत पडले तर आत उघडणारे दार अडकते.

आता ओवी शू बहुतेक वेळा स्वतः करते. शी झाल्यावर धुणे अजून आईकडेच आहे, कारण एका हाताने पाइप धरून कंबर वळवताना तिचा तोल जातो. जेट स्प्रेच्या गार पाण्याने अंग दचकून ताठ होते, म्हणून सध्या कोमट पाण्याचा लहान मग वापरून, पुढून मागे धुण्याचा सराव थेरपिस्टसोबत सुरू आहे.