सत्तावीस मुलींपैकी अकरा

आपण विचारले आहे की, सातवीतली आपली मुलगी शाळेत जायला रोज कुरकुर करते. तिला मलाला युसुफझाईची गोष्ट सांगून निर्धास्तपणे शिकायला मिळणे हे केवढे भाग्य आहे, हे पटवून द्यावे का? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि दर वर्षी सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला, म्हणजे ३ जानेवारीला, सातवीच्या वर्गाला ही गोष्ट सांगते. आपणही अवश्य सांगा. मात्र गोळीपासून सुरुवात करू नका आणि मुलीच्या कुरकुरीला उत्तर म्हणून तर मुळीच सांगू नका.

पहिल्या वर्षी मी तीच चूक केली होती. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी पाकिस्तानातील स्वात खोऱ्यातल्या मिंगोरा येथे शाळेच्या गाडीत शिरून बंदूकधाऱ्याने मलाला कोण असे विचारले आणि पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात गोळी झाडली, हे ऐकून वर्ग सुन्न झाला. शेजारी बसलेल्या आणखी दोघी मैत्रिणी जखमी झाल्या, हेही मी सांगितले. पण मुलींच्या डोळ्यांत मला एवढेच दिसले की ती कोणी निराळ्याच मातीची, शूर मुलगी होती आणि हे सारे कुठेतरी लांब घडले.

म्हणून आता मी तिच्या रोजनिशीपासून सुरुवात करते. ही रोजनिशी बीबीसीच्या उर्दू सेवेवर ‘गुल मकई’ या टोपणनावाने येऊ लागली ती ३ जानेवारी २००९ रोजी, म्हणजे योगायोगाने सावित्रीबाईंच्या जयंतीलाच. मलाला तेव्हा अकरा वर्षांची होती. पहिल्याच नोंदीत तिने लिहिले आहे की, वर्गातल्या २७ मुलींपैकी त्या दिवशी ११ जणीच आल्या होत्या. घरी परतताना मागून एका माणसाचे ‘ठार मारीन’ असे शब्द कानावर पडले, तशी ती भराभर चालू लागली. थोड्या वेळाने वळून पाहिले, तर तो मोबाइलवर दुसऱ्याच कुणाला तरी धमकावत होता. एवढा भाग वाचला की माझ्या वर्गातल्या मुली पुढे सरकून बसतात, कारण मागे वळून पाहणे म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक असते.

रोज हजेरी घेणाऱ्या माझ्यासारखीला २७ पैकी ११ हा आकडा फार बोलतो. शाळेला कुलूप लागलेले नव्हते, शिक्षक हजर होते, घंटाही होत होती. तरी निम्म्याहून अधिक वर्ग घरी बसला होता. स्वातच्या खोऱ्यात तालिबानचा म्होरक्या मौलाना फझलुल्लाह याचे एफएम रेडिओ केंद्र घराघरांत ऐकले जाई. मुलींच्या शिक्षणाविरुद्ध त्यावरून प्रचार चाले, रात्री-अपरात्री शाळांच्या इमारती सुरुंगाने उडवल्या जात आणि १५ जानेवारी २००९ नंतर एकाही मुलीने शाळेत जायचे नाही, असे फर्मान निघाले होते. प्रत्येक घरावर हल्ला करण्याची तालिबान्यांना गरजच पडली नाही. आज मुलीला पाठवावे की नको, हा प्रश्न त्यांनी प्रत्येक आईबापांच्या उंबऱ्यावर आणून ठेवला. माझ्या मते धमकीचे खरे काम तेच असते, आणि मुलीला घरी ठेवणाऱ्या त्या आईबापांना भित्रे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

आपली मुलगी ज्या सुरक्षिततेत शिकते, ती हीच: सकाळी डबा भरताना हा प्रश्न आपल्या मनात येत नाही. तीही आपोआप आलेली नाही. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर वाटेत शेण आणि चिखल फेकला जाई, म्हणून त्या बदलायला दुसरे लुगडे सोबत नेत. आजही सगळ्यांपर्यंत ती पोहोचलेली नाही. माझ्या शाळेतून सातवी झालेल्या काही मुलींना माध्यमिक शाळेसाठी शेजारच्या गावी जावे लागते. वाटेवर टोळक्याने छेड काढली की आधी मुलीची शाळा सुटते, मग लग्नाची बोलणी सुरू होतात. स्वातशी त्याची तुलना मी करणार नाही, पण हजेरीपटावरची रिकामी चौकट दोन्हीकडे सारखीच दिसते.

अफगाणिस्तानाबद्दलही सांगा. कंदाहारमध्ये नोव्हेंबर २००८ मध्ये मोटारसायकलवरून आलेल्यांनी शाळेच्या वाटेवर मुलींवर आणि शिक्षिकांवर ॲसिड फेकले, तरी त्यांतल्या बहुतेक मुली पुन्हा वर्गात आल्या. आज तिथे बंदी खुद्द तालिबान सरकारचीच आहे: २३ मार्च २०२२ रोजी माध्यमिक शाळा उघडणार म्हणून मुली दप्तरे घेऊन आल्या आणि काही तासांतच त्यांना घरी परत पाठवण्यात आले.

रोजनिशीतली १४ जानेवारीची नोंद मी शेवटी वाचते. हिवाळ्याची सुट्टी जाहीर करताना मुख्याध्यापिकांनी शाळा पुन्हा कधी उघडणार, ते या वेळी सांगितलेच नाही. मुलींच्या ते लक्षात आले आणि त्या दिवशी त्या मैदानावर नेहमीपेक्षा जास्त वेळ खेळत राहिल्या. एका वर्षी हे ऐकून मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “बाई, मग त्यांना कुणी तारीख कळवली?” तेव्हापासून दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीची सूचना वाचताना शाळा उघडण्याची तारीख मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते आणि मुलींकडून ती वहीत उतरवून घेते.