स्मिअरमध्ये एएफबी (टीबीच्या कुळातले आम्लरोधी जंतू) दिसतात, पण कल्चर कोरडंच. पुढे काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किडनी ट्रान्सप्लांट झालेला रुग्ण, बोटांवर आणि कोपराजवळ गाठी, त्यातल्या पुवाचा झीएन स्मिअर (एएफबी दाखवणारा झील-नील्सन रंग दिलेली स्लाइड) चांगला पॉझिटिव्ह. एलजेवर (लोवेनस्टाइन-जेन्सन या घट्ट माध्यमावर) आठ आठवडे आणि लिक्विड कल्चरमध्ये सहा आठवडे काहीच नाही. रिपोर्ट काय द्यायचा?

मी बरीच वर्षं टीबी लॅबमध्ये आहे. असे नमुने अधूनमधून येतातच. नुसतं 'कल्चर निगेटिव्ह' लिहून फाइल बंद करू नका. स्मिअरमध्ये जंतू दिसायला मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार लागतात, कल्चरला दहा ते शंभर जिवंत जंतू पुरतात. मग स्मिअरला दिसलेले जंतू कल्चरला गेले कुठे?

आधी साधी कारणं तपासा. रुग्ण टीबीच्या औषधांवर होता का? असेल तर दिसले ते मेलेले जंतू असू शकतात. स्टेनिंगला नळाचं पाणी वापरता का? नळाच्या पाण्यात मायकोबॅक्टेरिया (टीबीच्या कुळातले जंतू) असतात आणि ते स्लाइडवर येऊन बसतात. तिसरं म्हणजे डीकंटॅमिनेशन, म्हणजे नमुन्यातले इतर जंतू मारण्याची प्रक्रिया. न उघडलेल्या गाठीतून सुईने काढलेल्या पुवाला सोडियम हायड्रॉक्साइडची गरजच नसते, तरी सवयीने तो थुंकीसारखाच प्रोसेस होतो. एनटीएममधले (टीबी आणि कुष्ठरोग सोडून बाकीच्या मायकोबॅक्टेरियांमधले) बरेच जंतू, विशेषतः भरभर वाढणारे, त्यातच मरतात. थुंकीच्या एलजेवर तुमचं कंटॅमिनेशन (इतर जंतूंनी बिघडलेली कल्चर) तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक. शून्य असेल तर खूश होण्यापेक्षा हायड्रॉक्साइडची तीव्रता आणि वेळ तपासा.

हे सगळं नीट असेल तर मात्र तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय मायकोबॅक्टेरियम हीमोफिलमवर जातो. १९७८ साली इस्रायलमध्ये हॉजकिन्सच्या एका रुग्णाच्या त्वचेतून तो पहिल्यांदा वेगळा केला गेला. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसात हातापायांवर, सांध्यांजवळ गाठी, हे त्याचं नेहमीचं रूप. त्याला हेमिन (रक्तातला लोहाचा घटक) किंवा फेरिक अमोनियम सायट्रेटमधून लोह लागतं आणि वाढतो तो ३० ते ३२ अंशांना. साध्या एलजेवर, ३७ अंशांना तो जन्मात उगवायचा नाही. चॉकलेट अगार (तापवलेल्या रक्ताचं माध्यम) घ्या, किंवा ७एच१० या अगार माध्यमावर एक्स फॅक्टरची, म्हणजे हेमिनची, स्ट्रिप ठेवा. जंतू तोच असेल तर वाढ स्ट्रिपभोवतीच दिसते. प्लेट सुकू नये म्हणून सील करा आणि आठ आठवडे थांबा.

३० अंशांचा इनक्युबेटर नसेल तर तो आधी मिळवा. त्वचेच्या नमुन्यांसाठी इतका कामाचा खर्च दुसरा नाही. याच कुळातले माशांच्या टाकीतून बोटाला होणारा मरिनम आणि इंजेक्शनच्या जागी पू करणारा केलोनी, दोघांनाही ३० अंशच आवडतात. उलट झेनोपी या त्यांच्या भावंडाला ४२ ते ४५ आवडतात. कल्चर लावताना नमुना शरीरात कुठून आला हे माहीत नसेल तर तुम्ही आंधळी कोशिंबीर खेळताय.

आणखी एक शक्यता डॉक्टरांना विचाराच: चट्ट्यावर बधिरपणा आहे का, नसा जाड झाल्यात का? कुष्ठरोगाचा जंतू १८७३ पासून माहीत आहे, पण कृत्रिम माध्यमावर अजून कुणालाही वाढवता आलेला नाही. त्याचे अकराशेच्या वर जीन निकामी झालेत, त्यामुळे उंदराचा तळपाय किंवा आर्माडिलो याशिवाय त्याचं भागत नाही. मुंबईत खानोलकर, कमल रणदिवे आणि बापट यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाकडून एक जंतू वाढवला होता, तो 'आयसीआरसी बॅसिलस'. तो पुढे एव्हियम-इंट्रासेल्युलेअर गटातला ठरला. असा संशय असेल तर स्लिट स्किन स्मिअर (त्वचेला बारीक चीर देऊन घेतलेल्या द्रवाची स्लाइड) करा. कल्चरच्या मागे लागू नका.

वाढ आलीच तर आधी तिचा झीएन आणि मग एमपीटी६४ कार्ड (टीबीच्या जंतूचं प्रथिन ओळखणारी झटपट चाचणी). कार्ड निगेटिव्ह म्हणजे बहुधा एनटीएम. पुढे जात ओळखायला लाइन प्रोब (डीएनएच्या पट्टीवरची चाचणी) किंवा माल्डी-टॉफ (प्रथिनांच्या वस्तुमानावरून ओळख), पण हीमोफिलम तुमच्या किटच्या यादीत आहे का ते आधी पाहून घ्या. नसेल तर सिक्वेन्सिंगला पाठवा, आणि एकट्या १६एस या जीनवर विसंबू नका. त्यावर कान्सासी आणि गॅस्ट्री या एनटीएमच्या जाती वेगळ्या ओळखू येत नाहीत, मरिनम आणि अल्सरन्सही जवळपास सारखेच दिसतात. एचएसपी६५ किंवा आरपीओबी हे जीन जोडीला घ्या.

सध्या रिपोर्टमध्ये लिहा: 'एएफबी दिसले, ३७ अंशांवर, हेमिनविना वाढ नाही, ३० अंशांवर हेमिनसह पुन्हा कल्चरसाठी नमुना पाठवावा.' नवा नमुना स्वॅब नको, बायोप्सीचा तुकडा मागा, निर्जंतुक सलाइनमध्ये. फॉर्मालिनमध्ये नको, हे फोन करूनच सांगा. कागदावरची सूचना ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचत नाही. त्यातलाच एक बारीक तुकडा पीसीआरसाठी उणे २० ला ठेवून द्या, म्हणजे प्लेटवर काही आलं नाही तरी हातात काहीतरी असेल.