‘कॅस्केड रिअ‍ॅक्शन’ला साखळी अभिक्रिया म्हणावे का?

नायट्रोजनयुक्त विषमवलयी संयुगांविषयी (म्हणजे ज्यांच्या वलयात कार्बनबरोबर नायट्रोजनचा अणूही असतो) मराठीत लिहिताना ‘कॅस्केड रिअ‍ॅक्शन’ला ‘साखळी अभिक्रिया’ म्हटले तर चालेल का, असा प्रश्न आहे.

माझ्या मते अजिबात नाही. तो शब्द आधीच ‘चेन रिअ‍ॅक्शन’साठी रुळला आहे. हायड्रोजन-क्लोरीनच्या मिश्रणावर प्रकाश पडला की क्लोरीनचा सुटा अणू हायड्रोजनच्या रेणूला भिडतो. त्यातून सुटलेला हायड्रोजनचा अणू क्लोरीनच्या रेणूला भिडतो आणि पुन्हा क्लोरीनचा अणू मोकळा होतो. त्याच दोन पायऱ्या नव्या नव्या रेणूंवर फिरत राहतात. कॅस्केडमध्ये असा फेरा नसतो. एक बंध जुळतो, त्यामुळेच पुढच्या बंधाची सोय होते, आणि मधे काही घालावे लागत नाही.

याचे सर्वांत देखणे उदाहरण १९१७ सालचे. धोतऱ्यातल्या अ‍ॅट्रोपिन या संयुगाचा सांगाडा म्हणजे ट्रोपिनोनचे नायट्रोजनने सांधलेले जोडवलय. रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलस्टेटर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ते बनवले होते, पण पायऱ्या पंधराहून अधिक आणि हाती लागले १ टक्क्याहूनही कमी. १९१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांनी सक्सिनडायअल्डिहाइड, मिथिलअमाइन आणि अ‍ॅसिटोनडायकार्बॉक्सिलिक आम्लाचा क्षार पाण्यात एकत्र केले. अमाइन एका अल्डिहाइडला जोडले जाते, त्या जागी मॅनिख अभिक्रियेने (अमाइन आणि अल्डिहाइड जुळलेल्या जागी तिसऱ्या रेणूचा कार्बन जोडणाऱ्या अभिक्रियेने) कार्बन-कार्बन बंध होतो, मग दुसऱ्या टोकाला तेच घडते आणि दोन्ही वलये मिटतात. चार बंध, एका दमात! शेवटी आम्ल घालून तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पण तिथे बाहेरून आम्ल घातले, म्हणून काटेकोरपणे ती पायरी कॅस्केडमध्ये धरू नये.

‘एकाच भांड्यातली अभिक्रिया’ हेही पुरत नाही. भांडे एकच ठेवून टप्प्याटप्प्याने अभिकारक घालता येतात. कॅस्केडची अट त्याहून कडक आहे. ‘डॉमिनो’ मात्र जवळजवळ याच अर्थाने वापरतात.

‘प्रपात अभिक्रिया’ अर्थाला धरून आहे, पण ऐकताना कोसळणेच आधी मनात येते, आणि इथे तर रेणू घडतो आहे. मी ‘एकओघी अभिक्रिया’ सुचवेन. ‘एका ओघात’ आपण रोज म्हणतो, आणि पुढे ‘एकओघी वलयनिर्मिती’, ‘एकओघी संश्लेषण’ असे सहज बनवता येते. पहिल्या उल्लेखाशेजारी ‘कॅस्केड’ जरूर लिहा.