वण काढावा की राहू द्यावा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

वणाच्या शस्त्रक्रियेबद्दल जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून प्रश्न आले आहेत. बहुतेकांच्या तळाशी एकच विचारणा आहे: हाऊ डाग जाई का नही? म्हणून ते आधीच सांगून टाकतो. वण पुसता येत नाही. सर्जन जुना वण कापून त्याच्या जागी नवा करतो. तो जास्त बारीक, सपाट, सुरकुतीत लपणारा किंवा कातडी न ओढणारा असेल एवढाच त्यामागचा हिशेब. हा सौदा कुठे फायद्याचा आणि कुठे घाट्याचा, ते एकेका प्रश्नातून पाहू.

मुलगी 23 वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी स्कूटीवरून पडून गालावर तीन सेंटिमीटरची जखम झाली. टाक्यांचे ठिपके दोन्ही बाजूंना अजून दिसतात. आखाजीनंतर लग्न आहे, हातात तीन महिने आहेत. तेवढ्यात शस्त्रक्रिया उरकून घ्यावी का? (अमळनेर)

नको. लग्नाआधी तर नकोच.

कातडी कापली की वणाचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. पहिल्या महिन्यात शिवण छान बारीक दिसते आणि घरचे खूश होतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तीच रेघ लाल, कडक आणि थोडी उंच होते, कारण आत नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला बळ देणारं प्रथिन, भराभर साठत असतं. ते विरघळून, नीट रचलं जाऊन वण फिकट आणि मऊ व्हायला 12 ते 18 महिने लागतात. म्हणजे लग्नाच्या फोटोंत वण आजच्यापेक्षा ठळक दिसेल. तोवर वणावर बसणारा दाट कन्सीलर पुरे. तो आठ दिवस आधी कानामागे लावून पाहा, पुरळ आलं तर लग्नाच्या दिवशी पंचाईत नको.

लग्नानंतर करायची का, हे ठरवण्यासाठी घरीच एक तपासणी करा. मुलीला खिडकीशी तिरप्या उजेडात बसवा, मग उजेड सरळ तोंडावर पडेल अशी बसवा. वण तिरप्या उजेडात दिसतो आणि समोरून जवळपास गायब होतो, तर दोष सावलीचा आहे: एक कड वर, एक खाली, किंवा मध्ये खळगा. हे काम सुरीचं आहे आणि फरक चांगला पडतो. दोन्ही उजेडांत सारखाच दिसत असेल तर दोष रंगाचा, आणि रंगावर शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. आता तिला हसायला सांगा. हसताना वण आत ओढला जात असेल तर तो खालच्या थराला चिकटला आहे, तोही सोडवता येतो.

टाक्यांच्या ठिपक्यांबद्दल जरा सावध राहा. ते घट्ट बांधलेल्या आणि वेळेवर न काढलेल्या टाक्यांमुळे पडतात. चेहऱ्याचे टाके 5 ते 7 दिवसांत निघायला हवेत. ते ठिपके कापून काढायचे तर वणासकट रुंद पट्टी काढावी लागते. अशी पट्टी बोटीच्या आकाराची कापतात आणि तिची लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट ठेवावी लागते, नाहीतर टोकांना कातडीचे कान उभे राहतात. म्हणजे 12 मिलिमीटर रुंद काढलं तर रेघ साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे जाणार. आजच्यापेक्षा लांब पण बारीक रेघ चालेल का, हे मुलीला स्वतःला विचारा. वण तिच्या गालावर आहे, सासरच्यांच्या नाही.

मळणी यंत्रात हात सापडून डाव्या दंडाला जखम झाली, आठ महिने झाले. वण दोरीसारखा जाड आहे आणि रात्री खूप खाजतो. गावातले डॉक्टर म्हणतात कापून टाकू. (चाळीसगाव तालुका)

वण मूळ जखमेच्या हद्दीत आहे की हद्द ओलांडून चांगल्या कातडीवर सरकतो आहे, हे आधी ठरवा. पेनाने कड आखा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि दर महिन्याला त्याच अंतरावरून फोटो काढा. हद्दीत राहून नुसता उंच झालेला वण वर्ष-दीड वर्षात बराचसा आपोआप बसतो. हद्द ओलांडणारा तो किलॉइड, त्याच्याबद्दल पुढच्या प्रश्नात. आठव्या महिन्यात खाज येणं म्हणजे वण अजून शिजतोय. कच्चा वण कापला तर बहुधा तसाच जाड परत येतो.

सध्या सिलिकॉनची चिकटपट्टी वापरा. ती दिवसातून किमान 12 तास अंगावर हवी आणि निदान तीन महिने. आपल्याकडच्या उन्हात मुख्य अडचण घामाची. पट्टीखाली घामोळं येतं आणि माणूस आठवड्यात ती फेकून देतो. म्हणून पहिले दिवस चारच तास लावा, हळूहळू वाढवा. रोज पट्टी आणि कातडी दोन्ही साबणाने धुवा, कातडी कोरडी झाल्यावरच परत लावा. शेतात धूळ-घाम असेल तर दिवसा मोकळं ठेवून संध्याकाळपासून सकाळपर्यंत लावा, तेवढ्यातही बारा तास भरतात. शिवाय दिवसातून दोन-तीनदा, दहा-दहा मिनिटं, खोबरेल लावून अंगठ्याने इतकं दाबून चोळा की वण क्षणभर पांढरा पडेल. तरी दबला नाही तर वणात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, चार-चार आठवड्यांच्या अंतराने. मधुमेह असेल तर आधी सांगा, साखर काही दिवस वाढू शकते.

लिंबू मात्र चोळू नका. लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडी काळी पडते, कधी फोडही येतात.

कान टोचल्यावर पाळीमागे गाठ आली, बोराएवढी. एकदा काढली, वर्षभरात दुप्पट होऊन आली. परत काढू का? वय 19. (जळगाव)

हा किलॉइड. फक्त कापून सोडून दिला तर निम्म्याहून अधिक वेळा परत येतो, आणि आधीपेक्षा मोठा. तुमच्या बाबतीत तेच झालं. सर्जनचा हात चुकला असेलच असं नाही, बहुतेकदा पुढची साखळी ठरलेली नसते.

काढायचाच तर सुरीला जोड हवी. एक मार्ग म्हणजे गाठ काढतानाच कडेला तेच ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन, मग महिन्याला एक अशी तीन-चार, आणि पाळी दाबून ठेवणारी क्लिप किमान सहा महिने, दिवसाचे बारा तास किंवा जास्त. क्लिप इतकी घट्ट नको की पाळी पांढरी पडून दुखेल, तिथेच नवी जखम व्हायची. दुसरा मार्ग रेडिएशनचा. ते शस्त्रक्रियेनंतर 24 तासांत, फार तर 48 तासांत सुरू व्हावं लागतं आणि थोडे-थोडे डोस सलग काही दिवस देतात. गाठ एका गावात काढायची आणि रेडिएशन दुसऱ्या शहरात असेल, तर दोन्ही तारखा आधी हातात हव्यात. गाठ काढून मग रेडिएशनची चौकशी करत बसलात तर वेळ निघून जाते. गरोदरपणात आणि लहान मुलांत हा मार्ग धरत नाहीत.

गाठ आजच काढायची घाई नसेल तर आधी तीन-चार इंजेक्शनं घेऊन पाहा. दुखतात, हे खरं. जागा पांढरी पडू शकते, खड्डाही पडू शकतो. पण खाज आणि दुखणं बहुधा कमी होतं, आणि गाठ मऊ झाली की पुढचं काम सोपं. पुढे दोन वर्षं लक्ष ठेवा, कडक ठिपका हाताला लागला की लगेच दाखवा. आणि दुसरा कान, नाक, काहीही परत टोचू नका. छाती, खांदा आणि पाठीचा वरचा भाग याही किलॉइडच्या आवडत्या जागा, तिथली साधी गाठ-तीळही हौसेने काढू नका.

मी आशा कार्यकर्ती आहे. पाड्यावरच्या सात वर्षांच्या मुलीच्या हातावर उकळती दाळ सांडली, पाच महिने झाले. जखम भरली, पण कोपर अर्धंच उघडतं. घरचे म्हणतात, वर्ष होऊ द्या असं सांगितलंय. (धडगाव तालुका)

वर्षभर थांबायचा नियम दिसण्यासाठीच्या वणांना आहे. सांधा आखडतो आहे, डोळ्याची पापणी मिटत नाही, मान छातीकडे ओढली जाते, तोंड उघडत नाही, तिथे तो लागू नाही. मूल वाढत असतं, वण तेवढा वाढत नाही. कोपर फार दिवस वाकलेलं राहिलं तर आतल्या शिरा, नसा आणि सांध्याचं वेष्टनही आखूड होतं. मग कातडी सोडवली तरी हात एका दमात सरळ करता येत नाही.

आजपासून करायचं ते असं. फिजिओथेरपिस्टकडून हात जेवढा सरळ होतो तेवढ्यात धरणारी पट्टी बनवून घ्या, रात्रभर बांधा. दिवसातून चार-पाच वेळा तेल लावून हळूहळू ताणा, झटका देऊ नका. कोपर किती उघडतं ते मोजायला मुलीला भिंतीला पाठ लावून उभं करा, हात बाजूला उघडायला सांगा आणि मनगटाशी भिंतीवर कोळशाने खूण करा. तीन-चार आठवड्यांत खूण पुढे सरकली नाही, तर शस्त्रक्रियेला उशीर करण्यात अर्थ नाही.

शस्त्रक्रियेचे दोन प्रकार. वण दोरीसारखा उभा आणि दोन्ही बाजूंची कातडी मऊ असेल तर झेड-प्लास्टी करतात. वणावर इंग्रजी झेडसारखा छेद घेऊन दोन त्रिकोण एकमेकांच्या जागी फिरवतात. 60 अंशांचा कोन ठेवला तर त्या रेषेची लांबी कागदावर 75 टक्के वाढते, प्रत्यक्षात काहीशी कमी. दुसरा प्रकार, वण चादरीसारखा पसरलेला असेल तर. वण आडवा कापून सांधा उघडतात आणि पडलेल्या खिडकीवर मांडीची किंवा जांघेची कातडी लावतात. मांडीची पातळ कातडी सहज लागते पण नंतर जास्त आकसते. जांघेची पूर्ण जाडीची कमी आकसते, पण थोडीच मिळते.

घरच्यांना एक गोष्ट पुनःपुन्हा सांगा: अर्धं काम टेबलावर होतं, अर्धं पट्टीत. लावलेली कातडी पहिले पाच दिवस हलता कामा नये, म्हणून हात बांधलेला राहील. ती धरल्यावर हात सरळ ठेवणारी पट्टी साधारण तीन महिने रात्रंदिवस, आंघोळ-व्यायामापुरती सोडून. पुढे निदान तीन महिने रात्री. रडते म्हणून पट्टी सोडून ठेवली की कोपर परत वाकतं. सगळं नीट केलं तरी वाढीच्या वयात पुन्हा एखादी शस्त्रक्रिया लागू शकते, हेही आधीच सांगा.

नंदुरबारच्या सातपुड्यात आणखी एक तपासणी चुकवू नका: सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. भिल्ल, पावरा समाजात तो बराच आढळतो. रक्ताची साधी सोल्युबिलिटी चाचणी होकारार्थी आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या रक्तचाचण्यांनी वाहक आहे की रुग्ण ते कळतं. रुग्ण असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी माहीत हवं. अंगातलं पाणी, ऊब आणि ऑक्सिजन जपावा लागतो आणि हाताला रक्त थांबवणारा पट्टा बांधायचा की नाही, याचाही विचार करावा लागतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही आधी सुधारून घ्यावं.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. कागदावर ‘भाजल्यानंतर सांधा आखडला’ असं स्पष्ट लिहिलेलं असू द्या. नुसता ‘वण’ लिहिला तर ते सौंदर्याचं काम समजलं जाण्याची भीती.

खापरावर मांडे करताना हातावर भाजल्याचे काळे डाग राहिलेत. काढता येतील का? (यावल)

सपाट काळे डाग म्हणजे फक्त रंग. त्यांना सुरी लावायची नाही. ऊन टाळलं तर महिन्यांत फिकट होतात. खापराची कड लागते तिथे जुन्या सुती बाहीचा तुकडा चढवा, नाहीतर पुढच्या पुरणाला नवे डाग.

सिझेरियनचा वण जाड आहे. दुसरं मूल हवंय. (भुसावळ)

मग थांबा. पुन्हा सिझेरियन झालंच तर आत जाताना जुना वण कापून काढता येतो, त्यासाठी वेगळी भूल नको. हे डॉक्टरांना आधी सांगून ठेवा.

वडील 62 वर्षांचे. लहानपणी पाय भाजला होता. त्या वणावर तीन महिन्यांपासून जखम आहे, भरत नाही. वणच काढून टाकावा का? (धुळे)

आधी बायोप्सी, म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासणी. भाजल्याच्या जुन्या वणात अनेक वर्षांनी, कधी तीस-चाळीस वर्षांनी, कातडीचा कर्करोग होऊ शकतो. कडा उचललेल्या, वास येणारी, सहज रक्त येणारी जखम असेल तर जास्तच. मलमपट्टीत आणखी महिना घालवू नका. तुकडा जखमेच्या कडेचा आणि एकापेक्षा जास्त ठिकाणचा घ्यायला सांगा.

कपाळावरचा वण काढायचं ठरवलं आहे. सर्जन महिन्यातून दोनदा बाहेरून येतात. कधी करावं, काय विचारावं? (शिरपूर)

‘दोनदा येतात’ इथेच पेच आहे. टाके पाच-सात दिवसांत निघायला हवेत आणि सर्जन पंधरा दिवसांनी येणार. टाके कोण काढणार, रात्री सूज किंवा रक्त आलं तर कोणाला दाखवायचं, हे नाव-नंबरासह लिहून घ्या. आत विरघळणारे टाके किती थरांत घेणार तेही विचारा, कारण वण रुंद न होणं वरच्या दोऱ्यापेक्षा या आतल्या टाक्यांवर जास्त अवलंबून असतं. सर्जनची पदवी एमसीएच किंवा डीएनबी, तीही प्लास्टिक सर्जरीची आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

वेळ दिवाळीनंतरची. एप्रिल-मेच्या 44-45 अंशांत घामाने पट्ट्या निघतात आणि कोवळा वण उन्हाने काळा पडतो. मोटारसायकलवर फिरणं असेल तर हेल्मेटची कड वणावर घासते का ते घालून पाहा. तंबाखू, बिडी, मिसरी चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि कडा काळ्या पडतात. खर्च विचारताना भूल, ड्रेसिंग, नंतरची इंजेक्शनं आणि गरज पडली तर दुसरी बैठक, सगळं धरून विचारा.

टाके निघाल्यावर वणावर लांबीच्या दिशेने कागदी चिकटपट्टी लावा आणि तीन महिने लावत राहा. स्वस्त आहे आणि ताण खरंच कमी करते. तीन आठवड्यांनी जखमेत मूळ कातडीच्या साधारण पाचवा हिस्साच बळ असतं आणि तीन महिन्यांनी सुमारे 80 टक्के, त्यापुढे फारसं वाढत नाही. चिकटपट्टीवरून टोपी किंवा रुमाल, उघड्या वणाला एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन, वर्षभर. आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिरप्या उजेडात एक फोटो काढून ठेवा. तिसऱ्या महिन्यात वण लाल झाला की आधी काय होतं ते कोणालाच आठवत नाही.